भाजीत मीठ नाही, हे कुणाकुणाला ठाऊक होतं?

आधी एक वाक्य वाचा. 'टिंबूने घोपडी लचकावली आणि ती ढुमक्याखाली ठेवली.' आता प्रश्न. घोपडी कुणी लचकावली? टिंबूने. लचकावल्यावर ती कुठे ठेवली? ढुमक्याखाली. दोन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण. घोपडी म्हणजे काय, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही, कारण तो शब्द मी आत्ता बनवला.

'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' या प्रश्नाखाली आपल्याकडे जे विचारलं जातं, त्यातलं बरंचसं असंच सुटतं. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे, ते सापडले की शेजारचा शब्द उचलायचा. मूल हुशार असतं, ते ही युक्ती तिसरीतच शिकतं. पुढे सातवीत गोष्टीतलं माणूस तसं का वागलं असं कुणी विचारलं, की तेच मूल गप्प बसतं.

आता हा दुसरा उतारा बघा. 'शांताबाईंनी पोस्टमनला पाणी दिलं. पत्र न उघडताच देव्हाऱ्यात ठेवलं आणि त्या पुन्हा ज्वारी निवडायला बसल्या. सुपातले खडे त्यांना दिसेनात.' यात रडणं हा शब्द नाही. डोळे नाहीत, पाणी आहे पण ते पोस्टमनसाठी आहे. तरी तुम्हाला डोळ्यांतलं पाणी दिसलं. ते कागदावर नव्हतं, तुम्ही आणलंत. वर्गात हाच उतारा वाचला, तर एखादी मुलगी म्हणेल, संध्याकाळ झाली असेल. दुसरी म्हणेल, आजीला चष्मा लागला असेल. तिसरी म्हणेल, मग पत्र देवापाशी का ठेवलं? त्या तिसऱ्या प्रश्नापाशी वाचन सुरू होतं. शांताबाईंना वाचता येत नसेल का? की पत्रात काय आहे हे उघडण्याआधीच त्यांना ठाऊक असेल? तीन ओळींच्या मजकुरात एवढं घर उभं राहतं, आणि ते सगळं वाचणाऱ्याने बांधलेलं असतं. मला वाचनातली ही गोष्ट कितीही वेळा पाहिली तरी नवलाची वाटते.

डोळा ओळीवरून सरळ सरकतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो उड्या मारतो. पॅरिसच्या एमिल जाव्हाल या नेत्रवैद्यांनी १८७९ मध्ये या उड्यांविषयी लिहिलं. प्रत्येक उडीनंतर डोळा साधारण पाव सेकंद थांबतो आणि पुढे जातो. त्या पाव सेकंदात मन नुसती अक्षरं ओळखत नाही, चित्रही काढतं. २००२ मधला रॉल्फ झ्वान आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आहे. लोकांना वाक्य वाचायला दिलं : गरुड आकाशात आहे. काहींना दिलं : गरुड घरट्यात आहे. मग गरुडाचं चित्र दाखवून विचारलं, हा प्राणी वाक्यात होता का? आकाशातला गरुड वाचलेल्यांनी पंख पसरलेलं चित्र चटकन ओळखलं, घरट्यातला वाचलेल्यांनी पंख मिटलेलं. पंख हा शब्द कुठल्याच वाक्यात नव्हता!

त्याच्या आधी, १९८७ मध्ये, आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी असंच काही पाहिलं होतं. गोष्टीतला माणूस पळायला निघण्याआधी अंगात स्वेटशर्ट घालतो. दुसऱ्या रूपात तो काढून ठेवतो. पुढच्या वाक्यांत स्वेटशर्टचं नावही येत नाही. पण ज्यांच्या गोष्टीत त्याने तो घातला होता, त्यांच्या मनात स्वेटशर्ट माणसासोबत पळत राहिला. काढून ठेवलेला मागे राहून विसरला गेला. म्हणजे वाचणारा शब्द साठवत नाही. तो त्या माणसाच्या बरोबरीने चालतो, आणि जे त्या माणसाच्या जवळ आहे तेच त्याच्याही जवळ राहतं.

आता बिदर आणि कलबुर्गीच्या मुलांकडे येऊ. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यं झाली. तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याकडे गेले; जहीराबाद, नारायणखेड आंध्रात; बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या, शाळेचं खातं तेवढं बदललं. कर्नाटक सरकारच्या मराठी माध्यमाच्या शाळा या भागात आजही भरतात.

इथलं मूल सकाळी घरात 'काय करूलालास' हे ऐकतं. तांड्यावरचं असेल तर गोरमाटी ऐकतं. गल्लीत दख्खनी, बाजारात कन्नड, एसटीच्या पाटीवर कन्नड अक्षरं. शाळेत पुस्तकी मराठी, आणि २०१५ च्या कायद्यानुसार पहिली ते दहावी कन्नड हा विषय आहेच. वर इंग्रजी. शिक्षकही कधी कधी कळवळून म्हणतात, या पोरांच्या डोक्यात भाषांची खिचडी झालीय. मला हे पटत नाही. ज्या मुलाला कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे दाराच्या उंबऱ्यावर कळतं, ते रोज माणसं वाचत असतं. समोरच्याला काय ठाऊक आहे, काय नाही, याचा अंदाज घेतल्याशिवाय भाषा बदलता येत नाही. कादंबरी समजायला नेमकं हेच लागतं.

अडचण आहे ती दुसरीकडे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं : अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. अक्षरांची बाजू आपल्या लिप्यांत सावकाश भरते. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरांचा अख्खा संच हाती यायला मुलांना प्राथमिक शाळेतली बरीच वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं कुठे आणि आपल्या बाराखड्या, जोडाक्षरं कुठे! बिदरचं मराठी मूल तर हे काम दोनदा करतं. वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे तोच, हा मोठा आधार. पण मराठीत जोडाक्षराचं अर्धं अक्षर बहुधा शेजारी चिकटतं, तर कन्नडात ओत्तक्षर खाली लोंबतं. पाचवीपर्यंत मुलाचं सगळं बळ या उलगडण्यात जातं. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो, असं 'असर'च्या २०२४ च्या पाहणीने सांगितलं. आणि ते मोजमाप मोठ्याने वाचण्याचं आहे, अर्थाचं नाही.

मग अर्थाची बाजू पाचवीपर्यंत थांबवायची का? इथेच आपण चुकतो, असं माझं ठाम मत आहे. अक्षरं पक्की होईपर्यंत मुलांना 'कमल नमन कर' यावरच ठेवलं, तर गुणाकारातली दुसरी बाजू उपाशी राहते. ती बाजू कानातून वाढते. सहा वर्षांच्या मुलाला जे वाचता येत नाही, ते ऐकून उत्तम समजतं. त्यासाठी गोष्ट लागते, लांबलचक लागते, आणि कुणीतरी ती मोठ्याने वाचावी लागते.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या जो वेस्टब्रुक, जेन ओकहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून पाहिलं. वीस शिक्षक घेतले. बारा-तेरा वर्षांची मुलं घेतली, त्यांत वाचनात मागे पडलेली बरीच होती. शिक्षकांनी एवढंच करायचं : बारा आठवड्यांत दोन अख्ख्या कादंबऱ्या, चांगल्या कसदार, वर्गात मोठ्याने आणि नेहमीपेक्षा भरभर वाचायच्या. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून वही काढायची नाही. निम्म्या शिक्षकांना आकलन कसं शिकवावं याचं वेगळं प्रशिक्षणही दिलं. शेवटी प्रमाणित चाचणी घेतली तेव्हा बारा आठवड्यांत मुलांची सरासरी प्रगती साडेआठ महिन्यांची निघाली. मागे पडलेल्या मुलांची निघाली सोळा महिन्यांची! आणि प्रशिक्षण मिळालेल्या व न मिळालेल्या शिक्षकांच्या वर्गांत फरक दिसला नाही. अभ्यास एका देशातला, एका भाषेतला आणि फार मोठा नाही, हे लक्षात ठेवूनही हा निकाल थक्क करतो. शिकवलं कुणी मग? कादंबरीने.

हे कसं घडत असावं? उतारा दहा ओळींत संपतो. त्यातल्या माणसाची ओळख होईपर्यंत खाली प्रश्न येतात. कादंबरीचं तसं नाही. पहिली वीस पानं जड जातात. नावं लक्षात राहत नाहीत, गाव दिसत नाही. पण तिसाव्या पानापर्यंत लेखकाने आपल्याला आपलं जग शिकवलेलं असतं. तोच ओढा, तीच आत्या, तेच देणेकरी पुन्हा पुन्हा येतात. अडलेला शब्द पाचव्यांदा येतो तेव्हा अर्थ कोश न उघडता उमगतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पुढे काय होणार याची मुलाला खरोखर काळजी वाटू लागते. भरभर वाचण्याचा फायदाही इथेच आहे. पहिल्या प्रकरणातली खूण दहाव्या प्रकरणापर्यंत मनात ओली राहिली तरच दोन्ही जोडता येतात. आठवड्याला एक पान वाचणाऱ्या वर्गात ती केव्हाच वाळून गेलेली असते.

मराठीत यासाठी पहिलं नाव निघतं ते 'श्यामची आई'चं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत लिहिलं. बेचाळीस रात्री, म्हणजे बेचाळीस प्रकरणं. त्यातलं 'अळणी भाजी' हे प्रकरण जरा जवळून बघू, कारण आकलन म्हणजे काय, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

घटना एवढीशी. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात, भाजी खातात, काही बोलत नाहीत. त्यांचं पाहून मुलंही बोलत नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायला बसते आणि तिला कळतं.

आता मोजा. मीठ नाही हे वडिलांना ठाऊक आहे. मुलांना ठाऊक आहे. आईला नाही. आईला ठाऊक नाही, हे वडिलांना ठाऊक आहे. वडिलांना कळलंय पण ते बोलत नाहीत, हे मुलांना ठाऊक आहे. आणि वाचणाऱ्याला हे सगळं ठाऊक आहे, पण हातात काही नाही; तो आईच्या पहिल्या घासाची वाट बघत बसतो. एका भाजीभोवती माहितीचे एवढे मजले आहेत. मुलाला ते कुणी शिकवावे लागत नाहीत. घरात बापाचा स्वभाव कसा आहे, आई शेवटी का जेवते, हे ज्याने पाहिलंय त्या मुलाला हे प्रकरण ऐकताना आपोआप मजले चढता येतात.

वर्गात इथे पहिला प्रश्न 'आई काय विसरली?' असा नको. तो घोपडीचा प्रश्न झाला. 'वडील का बोलले नाहीत?' असा विचारा आणि मग शिक्षकाने थोडा वेळ गप्प राहावं. कुणी म्हणेल, त्यांना कळलंच नसेल. मग दुसरं मूल पुस्तकातला पुरावा शोधेल. कुणी म्हणेल, आमचे बाबा तर ताट सरकवतात. तेव्हा वर्ग शांत होईल, आणि त्या शांततेचा मान ठेवावा. मग आणखी एक प्रश्न : आईला शेवटी कळलं तेव्हा तिला बरं वाटलं असेल की वाईट? याला दोन्ही उत्तरं आहेत आणि दोन्हींना पुस्तकात आधार शोधता येतो. उत्तर कन्नडात आलं, दख्खनीत आलं, गोरमाटीत आलं तरी घ्यावं. समज कुठल्याही भाषेत आली तरी ती समजच. जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हेच मांडलं आहे : एका भाषेत कमावलेली समज दुसरीत उतरते. श्यामचे वडील गप्प का राहिले हे ज्याला मराठीत कळलं, त्याला कन्नडच्या धड्यातली न सांगितलेली गोष्टही शोधावीशी वाटेल.

ऍनमरी पालिंक्सर आणि ऍन ब्राउन यांनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली, ती बहुवर्ग शाळेतही चालण्यासारखी आहे. मुलांनी आळीपाळीने शिक्षक व्हायचं आणि चार कामं करायची : झालेलं थोडक्यात सांगायचं, प्रश्न विचारायचा, अडलेलं सोडवायचं आणि पुढे काय होईल याचा अंदाज करायचा. अंदाज चुकला तर उत्तमच. चुकलेला अंदाज मुलाला पुन्हा मागच्या पानावर पाठवतो. मात्र ही चार कामं रोज, प्रत्येक पानाला केली तर गोष्टीचा जीव जातो. दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे.

'श्यामची आई' बिदरमध्ये वाचताना एक खरी अडचण येते. श्यामचं गाव पालगड, दापोलीजवळचं. भाताची खाचरं, फणस, समुद्र, कोसळणारा पाऊस. इथल्या मुलाच्या भोवती तूर, उडीद, सोयाबीन आणि ज्वारी आहे. आधीची माहिती नसेल तर चांगला वाचणाराही अडखळतो. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि तो डाव बाहुल्यांनी मांडून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. वाचनाचं कौशल्य म्हणून काही सुटं, कुठेही लागू होणारं असतं, या कल्पनेला या प्रयोगाने धक्का दिला.

तर मग कोकण कसं आणायचं? बिदरचा किल्ला पाहिलेल्या मुलाला एक गोष्ट सांगा. तो तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड म्हणजे जांभा. बिदरचं पठार जांभ्याचं आहे. आणि दापोलीकडे घरांच्या भिंती, बांध, विहिरी ज्या दगडाच्या असतात, तोही जांभाच. कुठे दख्खनचं पठार आणि कुठे कोकणातला श्याम, पण त्याच्या पायाला लागलेली लाल माती बिदरच्या मुलाच्या पायालाही लागलेली असते. एकदा ही ओळख पटली की खाचर आणि फणस समजावून घ्यायला मूल स्वतःच पुढे सरकतं.

याच्या उलटही होतं. मार्जरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, 'पाडस', फ्लोरिडाच्या रानात घडतो. ज्योडी नावाचा मुलगा हरणाचं पाडस पाळतो. ते मोठं होतं, उभं पीक खाऊ लागतं आणि घरावर उपासमारीची वेळ येते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला पाडसाला मारण्याचा ज्योडीच्या बापाचा निर्णय निव्वळ क्रूर वाटू शकतो. बिदर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने काळविटांचे कळप कोवळ्या पिकात उतरलेले पाहिले आहेत. त्याला पाडसही हवं असतं आणि पीकही. त्यामुळे फ्लोरिडाची ही गोष्ट त्याला पुण्याच्या मुलाआधी कळते. कुठलं पुस्तक आपल्या मुलाच्या जवळचं, हे नकाशावरून ठरत नाही.

सीमेवरच्या मुलाला आणखी एक मेजवानी आहे : प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही ती पुस्तकं. त्या कथा आहेत, सलग कादंबरी नव्हे, पण मुलगा एकच आणि त्याचं जग एकच, त्यामुळे कादंबरीसारख्याच मनात मुरतात. लंपनचं जग बेळगावकडचं, त्यात कन्नड सहज मिसळलेली. आपल्या घरातल्यासारखी मिसळलेली भाषा छापील पुस्तकात, मानाने बसलेली पाहिली की मुलाला आपली बोली लपवावीशी वाटत नाही. ही पुस्तकं सातवी-आठवीच्या पुढे वाचावीत. धाकट्यांसाठी ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आहे, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आहे. थोड्या मोठ्या मुलींना, आणि मुलांनाही, शांता शेळक्यांची 'चौघीजणी' द्यावी. नवं काही हवं असेल तर भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' ही किशोर कादंबरी. तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. हेच सासणे २०२२ मध्ये सीमेच्या पलीकडच्या उदगीरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

हे सगळं परदेशी संशोधनातून आलेलं नवं खूळ आहे, असं कुणाला वाटू नये. कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापूर आहे. तिथल्या नृसिंहसरस्वतींचं चरित्र सांगणारं 'गुरुचरित्र' सरस्वती गंगाधरांनी मराठीत लिहिलं, आणि आपली मूळ भाषा मराठी नव्हे, हे ते ग्रंथाच्या आरंभीच सांगतात. या ग्रंथाची रचना पाहा. सिद्ध सांगतो आणि नामधारक ऐकतो. नामधारक नुसता ऐकत नाही, मध्ये मध्ये विचारतो : असं का झालं, पुढे काय झालं, मला नीट सांगा. म्हणजे शिष्याने कसं ऐकावं याचा पाठच ग्रंथात विणलेला आहे. गावोगाव पोथी लागायची ती याच रीतीने. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही अख्खा ग्रंथ समजून घरी जायचे. कन्नडात गमक कलेत कुमारव्यासाचं भारत असंच चालतं : एक जण रागात वाचतो, दुसरा उलगडून सांगतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंची पदं मराठीत आणि कन्नडातही गायली जातात. रोज थोडं, मोठ्याने, सगळ्यांनी मिळून, संपेपर्यंत : ही या मातीची सवय आहे. आणि 'श्यामची आई'ही तशीच बांधलेली आहे. आश्रमात रोज रात्री श्याम सांगतो आणि मित्र ऐकतात. साने गुरुजींनी पुस्तक लिहिलं ते ऐकण्याच्या घाटात.

भालकीच्या चन्नबसव पट्टद्देवरूंची आठवण इथे काढायलाच हवी. निजामाच्या राजवटीत त्यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकवलं, असं या भागात आजही अभिमानाने सांगतात. आपल्या भाषेत वाचता यावं म्हणून ज्या गावांनी एवढं केलं, तिथे आज कसलीच बंदी नसताना मराठीचं कपाट कुलपात राहावं, हे मला सहन होत नाही.

कपाट उघडण्याची सोयही आहे. कर्नाटकच्या ग्रामीण विकास व पंचायत राज विभागाने २०२० च्या नोव्हेंबरात 'ओदुव बेळकु' ही मोहीम सुरू केली. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयाचं सभासदत्व त्यात मोफत मिळतं. ही ग्रंथालयं आता 'अरिवु केंद्र' म्हणून ओळखली जातात. आपल्या पंचायतीच्या केंद्रात मराठी गोष्टींचा एक कप्पा आहे का, हे जाऊन बघा. नसेल तर मागा. उदगीर, लातूर, सोलापूरला राहणाऱ्या वाचकांनी आपल्याकडचं एक जुनं पुस्तक सीमेपलीकडच्या नातेवाइकाच्या गावच्या शाळेला द्यावं. संच लागत नाही. चाळीस मुलांच्या वर्गाला एकच प्रत पुरते, कारण वाचणारा एकच असतो.

आणि शिक्षकांना एक विनंती. रोजची वीस-पंचवीस मिनिटं द्या. प्रश्न कमी विचारा, पण 'का' विचारा. बेचाळीस रात्री, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे सात आठवडे. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर सुरुवात केली, तर दसऱ्याच्या सुट्टीच्या सुमारास 'श्यामची आई' पूर्ण होते, आणि दिवाळीनंतर 'पाडस' सुरू करता येतं.